टेकडीवरची चौदा शिळावर्तुळं : मोजणीच्या नोंदी

नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड टेकडी आहे. तिच्यावर काळ्या दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत. काही वर्तुळांभोवती तारेचं कुंपण आणि संरक्षित स्मारकाचा निळा फलक आहे, काही मात्र उघड्यावर आहेत. दर वर्तुळाच्या पोटात दगडगोट्यांचा आणि मातीचा बुटका ढिगारा आहे, आणि त्याखाली लोखंड वापरणाऱ्या, घोडे बाळगणाऱ्या लोकांची दफनं. काळ ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातला. पण वर्तुळं किती, नेमकी कुठं, कशात किती दगड, याचा एकही कागद गावात नव्हता. तो तयार करायचा म्हणून हे काम हाती घेतलं. आम्ही तिघं : मी (शाळेत शिकवते), माझा बारावीतला भाचा आणि गावातले एक गवंडी मिस्त्री. ज्यांच्या शिवारात अशी वर्तुळं आहेत आणि ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी नोंदी उतरवून देते आहे.

१४ जानेवारी, रविवार

पहिली फेरी. गवत कमरेपर्यंत, कुसळं सलवारीत आणि मोज्यांत. खालच्या उतारावर घाणेरी इतकी माजली आहे की आत पाय घालता येत नाही. साडेतीन तास फिरून नऊ वर्तुळं मोजली आणि समाधानानं खाली आले. पांदणीवर म्हातारे गुराखी बाबा भेटले. म्हणाले, "नऊ नाही जी बाई, चवदा हायेत. गवळ्यांचे गोठे हायेत ते, माहा बाप मोजून दाखवे." गवळ्यांच्या गोठ्यांची ही गोष्ट या भागात जुनीच आहे. ती खरी नसली तरी बाबांची मोजदाद खरी निघाली.

चूक : गवत वाळायच्या आत गेले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबून गुरं चरून गेल्यावर गेलो असतो तर हीच फेरी दीड तासात झाली असती. आणि आधी गुराख्याला विचारायचं, मग चढायचं.

१७ जानेवारी

पुरातत्त्व खात्याकडे मोजणीच्या परवानगीचा अर्ज टाकला. संरक्षित जागेत नुसती टेप धरायची असली तरी आधी लेखी विचारा, कारण तिथं मोजमाप करणारा माणूस आणि गुप्तधन शोधणारा माणूस दुरून सारखेच दिसतात. अर्जात मी गावाचं नाव लिहिलं पण गट क्रमांक लिहिला नाही, नकाशाची प्रत जोडली नाही. अर्ज परत आला. सातबारा आणि गट नकाशा मिळवून पुन्हा दिला. सगळे मिळून बारा दिवस गेले, आणि ते माझ्या चुकीमुळे गेले.

२ फेब्रुवारी

परवानगी हातात. अटी सरळ आहेत : खणायचं नाही, दगड हलवायचा नाही, दगडावर रंग किंवा खूण करायची नाही, सूर्यास्तानंतर थांबायचं नाही. या अटींपैकी एक आम्ही पुढं मोडली. ते २५ तारखेच्या नोंदीत आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

भाच्याचं म्हणणं होतं की मोबाइलवर प्रत्येक दगडाचं अक्षांश-रेखांश घेऊ, दिवसभरात काम संपेल. वर्तुळ १ चे २२ दगड असे घेतले. घरी येऊन नकाशावर टाकले तर वर्तुळाऐवजी विस्कटलेली भाकरी. एका दगडापासून दुसरा दगड जेमतेम मीटरभर अंतरावर, आणि मोबाइलची चूक तीन ते पाच मीटरची. म्हणजे चूकच मोजण्याच्या गोष्टीपेक्षा मोठी.

मोबाइल एवढ्याच कामाचा ठेवला : प्रत्येक वर्तुळाचा मध्य साधारण कुठं आहे हे सांगायला. त्यासाठीही एकाच जागी तीन वेगवेगळ्या दिवशी वाचन घेऊन सरासरी काढली. दगडांसाठी टेप.

११ फेब्रुवारी, रविवार

पद्धत बदलली. वर्तुळाबाहेर क आणि ख असे दोन बिंदू, मधलं अंतर नक्की मोजलेलं. प्रत्येक दगडाच्या मध्यापर्यंत क पासून एक टेप, ख पासून दुसरी. घरी आलेख कागदावर कंपासनं दोन कंस मारले की जिथं छेदतात तिथं दगड. खुंटी ठोकणं म्हणजे खणणंच, म्हणून क आणि ख साठी वाळू भरलेल्या दोन बाटल्या ठेवल्या आणि झाकणाच्या मधोमध ठिपका केला.

वर्तुळ २ आणि ३ झाली. दुपारनंतर आभाळ आलं, शिंतोडे पडले, वही भिजली. पेनाची शाई पसरली, पेन्सिलीचे आकडे राहिले. पेन्सिलच वापरा.

१३ फेब्रुवारी

वर्तुळ ३ कागदावर जुळेना. एका बाजूनं चपटं येतंय. जागेवर तर ते चांगलं गोल दिसतं. तासभर वाटलं की बांधणाऱ्यांनीच चपटं बांधलं असेल, आणि त्यावर विचारही सुरू झाला होता. मग दोन्ही टेप टेबलावर शेजारी ठेवल्या. एकीचा शून्य कडीच्या बाहेरच्या टोकाला, दुसरीचा शून्य पट्टीवर दहा सेंटिमीटर आत. म्हणजे एका टेपच्या सगळ्या वाचनांत दहा सेंटिमीटरची चूक.

आकडेमोड करून सुधारता आलं असतं, पण कोणती टेप कुणाच्या हातात कधी गेली याची खात्री नव्हती. दोन्ही वर्तुळं पुन्हा मोजायची ठरवलं. एक रविवार वाया. यापुढं दर पाचव्या दगडाला एक तिसरं अंतर मोजायचं, शेजारच्या दगडापर्यंतचं. ते कागदावर जुळलं तरच पुढं जायचं.

१८ फेब्रुवारी, रविवार

उत्तर दिशा ठरवणं सोपं वाटलं होतं. होकायंत्र दगडावर ठेवलं की एक दिशा, दोन पावलं सरकलं की दुसरी. वर्तुळ ५ च्या पूर्वेकडच्या मोठ्या दगडाला टेकवलं तर काटा आठ अंश फिरला. हा दगड काळा बेसाल्ट, त्यात लोहचुंबकी खनिज असतं. सगळं वर्तुळच अशा दगडांचं म्हटल्यावर होकायंत्रावर विसंबता येत नाही. आधीच्या वर्तुळांना लावलेली दिशाही रद्द केली.

मिस्त्री म्हणाले, "सावली घ्या ना मॅडम." चार बाय चार फुटांचा प्लायवूड वर्तुळाबाहेर मोकळ्या जागी ठेवला, स्पिरिट लेव्हलनं सपाट केला, एका कडेला ओळंबा लावून एक मीटरची काठी उभी केली. अकराला दोन मिनिटं कमी असताना सावलीच्या टोकाला खूण केली. लांबी भरली ८३ सेंटिमीटर. काठीच्या बुडाला दोरी धरून तेवढ्याच त्रिज्येचा कंस काढला. सावली आखूड होत गेली, पुन्हा वाढली आणि दोनच्या जरा आधी कंसाला दुसरीकडून शिवली. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम, तिच्या मध्यापासून काठीपर्यंतची उत्तर-दक्षिण. आमच्याकडे या दिवसांत सावली सर्वांत आखूड होते ती बाराच्या ठोक्याला नाही, साडेबाराच्या किंचित आधी. घड्याळ पाहून बाराला खूण केली असती तर पुन्हा चुकलो असतो.

तीन तास एका रेघेसाठी. पण या रेघेवर आता चौदाही वर्तुळं बसतील, आणि या कामात मला सर्वांत जास्त भरवसा हिचाच वाटतो.

२५ फेब्रुवारी, रविवार

ही नोंद लिहायला जड जातंय.

वर्तुळ ७ च्या दक्षिणेकडे आडवा पडल्यासारखा रुंद दगड आहे. त्याच्या माथ्यावर वाटीसारखे खळगे, दोन समांतर ओळी, एकीत सहा, दुसरीत पाच. अंगठा टेकवला की बरोबर बसतो. दगड बाहेरून कानशीसारखा खरखरीत आणि खळग्याच्या आत मात्र गुळगुळीत. कुणीतरी इथं बसून पुष्कळ वेळ घासलं, ठोकलं, पुन्हा घासलं. असे खळगे नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांच्या दगडांवरही आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ साली विदर्भातल्या या अवशेषांवर लेख छापला तेव्हाच त्यांची दखल घेतली होती. ते का कोरले याचं सर्वांना पटलेलं उत्तर आजही नाही, म्हणून प्रत्येक खळग्याची जागा नोंदणं महत्त्वाचं.

भर दुपारी फोटोत खळगे दिसेनात. मी भाच्याला पिशवीतली रांगोळी भरायला सांगितली. फोटो सुरेख आले. नंतर ब्रशनं झाडलं तर बारीक पूड खरखरीत भेगांत आणि दगडफुलात अडकून राहिली. पाणी मारून धुवायला निघालो होतो, तेवढं तरी मिस्त्रींनी थांबवलं. दगडाच्या पृष्ठभागावर नंतर कुणाला तपासणी करायची असेल तर आम्ही तिथं परकी पूड घातली आहे. परवानगीतली अट सरळ मोडली. दुसऱ्या दिवशी चौकीदारांना सांगितलं आणि कुठल्या दगडाला काय लागलं ते लेखी कळवलं. खडू, रांगोळी, कोळसा, पाणी, काहीही लावू नका.

३ मार्च, रविवार

खळगे पुन्हा, या वेळी हात न लावता. सकाळी सात वाजता उन्हं तिरपी असताना निम्मे खळगे आपोआप उठून दिसतात. उरलेल्यांसाठी मिस्त्रींनी घरून काळी घोंगडी आणली. दोघांनी दगडावर तंबूसारखी धरायची, तिसऱ्यानं आत शिरून टॉर्च दगडाच्या पातळीला, अगदी आडवी धरायची. प्रत्येक खळगा अर्धा काळा, अर्धा पांढरा होतो. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून चार फोटो, बाजूला पट्टी आणि उत्तरेचा बाण. असं करताना दुसऱ्या ओळीतला सहावा खळगा सापडला, इतका उथळ की बोटाला लागत नाही. रांगोळीच्या फोटोत तो नव्हताच, कारण आम्हाला दिसलेल्याच खळग्यांत आम्ही रांगोळी भरली होती.

१० मार्च, रविवार

वर्तुळ ८ आणि ९ उतारावर. टेप जमिनीवर टाकून मोजलं तर वर्तुळ अंडाकृती येतं, उताराच्या दिशेनं लांब. दोन टोकांत २.४० मीटरचा उतार आणि जमिनीवरून १२ मीटर म्हणजे सपाटीवर ११.७६. चोवीस सेंटिमीटरचा फरक फक्त उताराचा. मिस्त्रींनी लेव्हल पाइप लावून पातळी काढली, टेप आडवी ताणली, खालच्या टोकाला ओळंबा सोडला. एका दगडाला दीड मिनिट लागायचं तिथं पाच लागली. घाई असेल तर उतारावरचं वर्तुळ दुसऱ्या दिवसावर ठेवा.

वर्तुळ ९ च्या मधोमध ताजा खड्डा. गुडघाभर खोल, सब्बलीचे घाव ओले. गुप्तधन शोधणारे येऊन गेले होते. बाहेर फेकलेल्या मातीत एक खापर दिसलं, तळहाताच्या अर्ध्याएवढं, आतून आणि काठाला काळं, बाहेरून खाली लाल. भांडं पालथं भाजलं की आतल्या बाजूला हवा मिळत नाही, तिथं काळं राहतं. हीच काळी-तांबडी भांडी विदर्भातल्या या दफनांत मिळतात.

भाच्यानं ते खिशात टाकलं. घरी गेल्यावर कळलं. रागावले खरी, पण त्याला माहीत असायला हवं होतं ते मीच सांगितलं नव्हतं. सोमवारी सकाळी आम्ही ते चौकीदारांच्या हवाली केलं आणि कागद केला. "ढिगाऱ्याच्या कुठल्या बाजूला होतं?" त्यांनी विचारलं. त्याला आठवेना. खड्डेवाल्यांनी त्याची मूळ जागा घालवली होती, उरलेली आम्ही घालवली.

नागपूरजवळच्या माहुरझरीला अशाच वर्तुळांचं १९७०-७२ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी उत्खनन केलं तेव्हा घोड्याच्या अवशेषांसोबत तांब्याच्या पत्र्याचे अलंकार आणि लोखंडी लगाम मिळाले. घोड्याच्या सांगाड्यापाशी होते म्हणून ते घोड्याच्या मुखाचे अलंकार हे कळलं. कुणी आधी उकरून नेले असते तर मोडीच्या दुकानात तो तांब्याचा पत्रा झाला असता. भाच्याला हे संध्याकाळी सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मावशी, मला आधी का नाही सांगितलं?"

१७ मार्च, रविवार

पळस पेटलाय, साडेदहानंतर दगडाला हात लावता येत नाही. सकाळी सहाला चढतो.

वर्तुळ ११ मध्ये पूर्वेला मोठी फट. गुराखी बाबांनी दाखवलं : खालच्या वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) तीन मोठे दगड आहेत, त्यांतल्या एकावर खळगे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बैलजोडी लावून ओढून नेले. धुऱ्यावरचा प्रत्येक मोठा दगड वर्तुळातलाच असेल असं नाही, म्हणून दगड हललेला कसा ओळखायचा ते शिकून घेतलं. पिढ्यान् पिढ्या एका जागी रुतलेल्या दगडाला जमिनीच्या पातळीशी मातीच्या रंगाची पट्टी बसलेली असते. त्याच्या वर राखाडी दगडफूल, खाली कोरा दगड. जागेवरच्या दगडाची पट्टी आडवी असते. धुऱ्यावरच्या त्या तीन दगडांची पट्टी तिरपी आहे, एकाची तर उभी. त्याचं जुनं दगडफूल जमिनीकडे तोंड करून मेलंय.

हीच खूण मग सगळ्या वर्तुळांत तपासली. आधी "जागेवर" म्हणून नोंदलेले सात दगड हललेले निघाले. नकाशात भरीव गोल म्हणजे जागेवर, पोकळ गोल म्हणजे हललेला. तुम्ही हे पहिल्याच फेरीत करा, आम्हाला पुन्हा सगळी वर्तुळं फिरावी लागली.

वावराचे मालक चांगले माणूस आहेत. म्हणाले, "ट्रॅक्टर देतो, तिन्ही दगड उचलून फटीत बसवून टाकू." गावातली पोरंही तयार. मला मोह झाला, खोटं बोलत नाही. पण कोणता दगड फटीत कुठं होता, कोणतं तोंड आत होतं, किती रुतला होता, हे आम्हाला ठाऊक नाही. अंदाजानं बसवला तर पन्नास वर्षांनी येणारा अभ्यासक आमचा अंदाज मोजेल आणि तो त्या लोकांचा समजेल. दगड धुऱ्यावरच राहू द्या, पण आता हलवू नका, एवढं मागितलं. त्यांनी मान्य केलं आणि तिन्ही दगड नकाशात आले.

२४ मार्च, होळी

वर जायचं नाही असं ठरलेलं. घरी बसून एकत्र नकाशा काढला, १:५०० प्रमाणावर. पहिल्यांदाच सगळी वर्तुळं एका कागदावर दिसली. टेकडीच्या कण्यावर ती ओळीनं आहेत, उतारावर फक्त तीन. जवळून फिरताना हे महिनाभर लक्षात आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दहा वर्तुळं कुंपणाच्या आत, चार बाहेर. गावात सर्वांचा समज की तार संपली की संरक्षण संपलं. तसं नाही. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. १९९२ च्या अधिसूचनेत हे पट्टे खाणकाम आणि बांधकाम दोन्हींसाठी ठरले आणि २०१० च्या दुरुस्तीनं प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यातच आले. बाहेरच्या चारपैकी तीन वर्तुळं पहिल्या पट्ट्यात येतात. टेकडीवरचा मुरूम काढतात त्या खाणीच्या खड्ड्याची कडाही त्याच पट्ट्यात, तारेपासून ४६ मीटरवर. हा आकडा दोनदा मोजला, एकदा वरून, एकदा खालून.

२८ मार्च

नकाशाच्या तीन प्रती. एक पुरातत्त्व खात्यासाठी, एक ग्रामपंचायतीला, एक शाळेत. नेमकी अक्षांश-रेखांशं फक्त पहिल्या प्रतीत ठेवली. खड्डेवाल्यांना रस्ता दाखवणारा कागद आमच्या हातून निघायला नको. सरपंचताईंनी नकाशा गट नकाशावर ठेवून पाहिला आणि बाहेरच्या चार वर्तुळांचे गट क्रमांक स्वतःच्या हातानं लिहून घेतले. मुरमाचा विषय पुढच्या ग्रामसभेत घ्यायचं कबूल केलंय.

खर्च : ५० मीटरच्या दोन टेप ९४०, आलेख कागद आणि ट्रेसिंग कागद ३१०, प्लायवूड मिस्त्रींकडचा, लेव्हल पाइप १८०, दोन टॉर्चचे सेल २४०, नकाशाच्या प्रती आणि कागदपत्रं ५६०, पेट्रोल सुमारे ९००. एकूण ३,१३० रुपये. मिस्त्रींनी रोजी घेतली नाही. त्यांचे सात रविवार धरले तर खरा खर्च बराच मोठा होतो, आणि असं काम करणाऱ्यानं तो आधीच धरावा. वेळ : ४ फेब्रुवारीपासून टेकडीवर सात रविवार. त्यांतला एक टेपच्या शून्यामुळे आणि निम्मा रांगोळीमुळे वाया.

३१ मार्च, रविवार

राहिलेली वर्तुळं १२ आणि १४. चौदावं घाणेरीत आहे. झुडूप उपटलं तर मुळांबरोबर भराव उचकटतो, म्हणून जमिनीलगत कापायची परवानगी मागितली आहे. ते पावसाळ्यानंतर.

बारावं आज पुरं करायचं होतं. टेप उलगडली तोच टिटवी डोक्यावरून ओरडत गेली, परत आली, पुन्हा गेली. भाच्यानं हात धरून थांबवलं. वर्तुळाच्या पोटात, दोन गोट्यांच्या मध्ये मुरमावर चार अंडी, मुरमाच्याच रंगाची, निमुळती टोकं आत करून मांडलेली. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर त्यांच्यावरच पडलं असतं. बाटल्या उचलल्या आणि खाली आलो. नकाशात वर्तुळ १२ ची जागा तुटक रेघेनं दाखवली आहे, दगड २४, व्यास बाकी.